कासिनोच्या खांबांवरची मराठी नावं

इटलीला जाणारी मराठी मंडळी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा मनोरा एवढं करून परततात. टूर कंपन्यांचा कार्यक्रम तसाच आखलेला असतो आणि त्यात वावगं काही नाही, पाहण्यासारखं तिथं खूप आहे. पण रोमच्या दक्षिणेला दोन तासांवर कासिनो नावाचं गाव आहे. कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी पोरांची नावं तिथल्या लष्करी दफनभूमीत संगमरवरावर कोरलेली आहेत. हे गाव मात्र कुठल्याच यादीत नसतं.

माझी भाची नोकरीनिमित्त रोममध्ये राहते. तिच्याकडे जायचं नक्की झालं तेव्हाच मी तिला फोनवर सांगून टाकलं, बाकी तू दाखवशील ते बघेन, पण कासिनो आणि मोंतोने या दोन गावांना मला जायचंच आहे. "मामा, मोंतोने कुठं आलं?" तिनं विचारलं. इटलीत इतकी वर्षं राहूनही तिनं ते नाव ऐकलं नव्हतं, आणि त्यात तिचा दोष नाही. आपल्याकडेही ते कोणाला ठाऊक आहे?

आमच्या नांदुऱ्यात बाहेरचा माणूस आला की महामार्गावरचा १०५ फुटी हनुमान पाहतो, पुढं शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जातो. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, कापूस, सोयाबीन, पावसाची वाट, हा आमचा संसार. युद्ध तसं लांबचं. १४ फेब्रुवारी २०१९ ला ते एकदम दाराशी आलं. पुलवामाच्या हल्ल्यात शेजारच्या मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड, आमच्या एकाच जिल्ह्यातले दोन जवान गेले. त्या दिवसांत गावागावांत फलक लागले, मेणबत्त्या पेटल्या. फलक काढले गेल्यानंतर त्या नावांचं काय होतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. परदेशात ऐंशी वर्षांपूर्वी पडलेल्या मराठी शिपायांची नावं कोणी आणि कशी जपली, हे डोळ्यांनी बघायचं होतं ते त्यासाठी.

कासिनोला जायला रोमच्या तेर्मिनी स्टेशनावरून नेपल्सच्या जुन्या मार्गानं जाणारी साधी गाडी पकडायची. आरक्षण लागत नाही. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते, हे विसरलं की दंड होतो. मे महिना होता. नांदुरा सोडताना अंगाची लाही होत होती आणि इथं सकाळी स्वेटर चढवावा लागला. गाडी लिरी नदीच्या खोऱ्यातून जाते. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये हिरवी सपाट शेतं. कासिनो जवळ आलं की डोंगराच्या माथ्यावर पांढुरकी, लांबलचक, किल्ल्यासारखी इमारत दिसू लागते. तो मोन्ते कासिनोचा मठ. संत बेनेडिक्टनं इसवी सन ५२९ च्या सुमारास स्थापन केलेला.

गावात उतरल्यावर पहिल्यांदा खटकतं ते हे, की इटलीतलं गाव असून इथं जुनं घर दिसत नाही. सगळ्या इमारती युद्धानंतरच्या, सिमेंटच्या, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात असाव्यात तशा. जुनं कासिनो १९४४ मध्ये जमीनदोस्त झालं, त्यातलं जवळजवळ काहीच उरलं नाही.

हे गावच का, हे समजायला नकाशा लागतो. सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा इटलीच्या दक्षिण टोकाला उतरल्या. रोमकडे जाणारा रस्ता लिरीच्या खोऱ्यातून जातो आणि त्या खोऱ्याच्या तोंडावर हा डोंगर उभा आहे. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणत, कारण तो ज्याच्या हाती त्याच्या हाती वाट. मोन्ते कासिनोचं तसंच होतं. जर्मनांनी इथं गुस्ताव्ह लाइन नावाची संरक्षक फळी उभारली होती. डोंगरावर त्यांच्या तोफांचे निरीक्षक, खाली गारी नदी, नदीकाठी सुरुंग आणि काटेरी तारा. जानेवारी ते मे १९४४ या काळात इथं चार लढाया झाल्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या लढाईत चौथी भारतीय डिव्हिजन होती. हिवाळा, पाऊस, चिखल. डोंगरावर गाडी जाणं अशक्य, म्हणून दारूगोळा आणि पाणी खेचरांवरून आणि माणसांच्या पाठीवरून न्यायचं. या डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल फ्रान्सिस टकर यांनीच, हल्ल्याआधी मठावर बॉम्ब टाका, अशी मागणी लावून धरली होती. १५ फेब्रुवारीला विमानांनी मठ उद्ध्वस्त केला. त्या वेळी मठात जर्मन फौज नव्हती. आश्रयाला आलेले गावकरी होते, ते मेले. मग जर्मन छत्रीसैनिकांनी त्याच ढिगाऱ्यात ठाण मांडलं आणि मठ आधीपेक्षा अवघड झाला. मार्चमध्ये नवव्या गुरखा रायफल्सचे जवान मठाच्या अगदी खाली, हँगमन्स हिल नावाच्या कड्यावर जाऊन पोचले आणि आठवडाभराहून अधिक काळ तिथं अडकून राहिले. त्यांना विमानातून अन्नपाणी टाकावं लागत होतं. शेवटी रात्रीच्या अंधारात त्यांना मागं बोलावून घेतलं.

मेच्या चौथ्या लढाईत आठव्या भारतीय डिव्हिजननं गारी नदी ओलांडली. याच लढाईत १२ मे रोजी राजस्थानचा कमल राम हा कोवळ्या वयाचा शिपाई व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी झाला. या डिव्हिजनमध्ये आपल्या मराठा पलटणीची पहिली बटालियन होती. जिला 'जंगी पलटण' म्हणतात आणि जिचा इतिहास १७६८ पर्यंत मागं जातो, तीच ही. तिसरी बटालियन दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर होती. त्या काळी रेजिमेंटचं नाव होतं ५ मराठा लाइट इन्फन्ट्री, आणि घर होतं बेळगाव, आजही आहे.

इटलीत एकंदर पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले. २३,७२२ जायबंदी, बेपत्ता किंवा ठार झाले, त्यांत ५,७८२ मृत्यू. देशभर विखुरलेल्या चाळीसएक दफनभूमींत आणि स्मारकांत त्यांची नोंद आहे. इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा भारतीय फौजेला. या सहांत दोन मराठी: यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव.

दफनभूमी स्टेशनापासून चालत जाण्यासारखी आहे. फाटकापाशी भिंतीत ब्राँझचं लहानसं दार असलेला कप्पा आहे. त्यात नोंदवही ठेवलेली असते. दार उघडायचं, वही काढायची आणि नाव शोधायचं. शेजारी अभिप्रायाची वही. कुलूप नाही, पहारा नाही. मला ही व्यवस्था फार भावली. भेट देणाऱ्यानं नाव शोधावं, म्हणून ती तिथं ठेवली आहे आणि भेट देणाऱ्यावर विश्वास टाकला आहे. आपल्याकडच्या किती हुतात्मा स्मारकांत असं वहीतलं नाव काढून, त्याचं गाव-घर वाचता येतं?

आत शिरलं की डोळ्यांपुढं हिरवळ, आणि तिच्यात एकसारख्या उंचीच्या पांढऱ्या शिळांच्या रांगा. ४,२०० हून अधिक कबरी. मागं डोंगर आणि त्यावर पुन्हा बांधून काढलेला मठ. ब्रिटिश, कॅनडियन, न्यूझीलंडर, दक्षिण आफ्रिकी आणि आपले. शिळेचा आकार सगळ्यांना सारखाच. जनरल असो वा शिपाई, गोरा असो वा सावळा. हा नियम पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचा. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणतात. भारतीयांच्या रांगेत आलो आणि थबकलो. हिंदू सैनिकाच्या शिळेवर वरच्या बाजूला देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं. मुसलमान सैनिकाच्या शिळेवर अरबी ओळ. मध्ये पलटणीचं चिन्ह, खाली नंबर, हुद्दा, नाव, तारीख. अक्षरांच्या खोबणीत शेवाळ धरलेलं नव्हतं. जवळच आयोगाचा माळी शिळेच्या पायथ्याचं गवत हातातल्या छोट्या कात्रीनं कापत होता, कारण यंत्र दगडाला लागलं तर टवका उडेल. भाचीनं त्याला इटालियनमधून विचारलं, तेव्हा त्यानं हात पुसत सांगितलं, हे काम वर्षभर चालतं.

दफनभूमीच्या मध्यभागी पाण्याचा लांबट हौद आहे आणि त्याच्या कडेनं हिरवट संगमरवराचे उंच, सपाट स्तंभ. हे कासिनो मेमोरियल. ज्यांची कबर कुठंच नाही अशा ४,००० हून अधिक सैनिकांची नावं त्यांवर आहेत. नावं पलटणीनुसार लावलेली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा मथळा सापडला आणि मी रोमन अक्षरांतली आडनावं एकेक करून मोठ्यानं वाचू लागलो. जाधव, शिंदे, पवार... काही नावं कारकुनानं ऐकली तशी लिहिलेली. दोनदा उच्चारल्यावर ओळख पटते. आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं. भाची आधी गप्प होती, मग तीही पुढच्या ओळी वाचू लागली. ही नावं मराठी तोंडून याआधी कधी उच्चारली गेली असतील, कोणास ठाऊक.

यातलंच एक नाव, पुढं व्ही. सी. ही अक्षरं लावलेलं, नाईक यशवंत घाडगे यांचं आहे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, गाव पळसगाव, तालुका माणगाव, आजचा रायगड जिल्हा. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनच्या एका कंपनीनं जर्मनांच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून तुकडीतला प्रत्येक जण ठार वा जखमी. घाडगे सरळ मशीनगनवर धावून गेले. पहिल्यांदा हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा उडवला, मग टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. मॅगझिन रिकामं झालं. बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं झोडपून मारलं. ठाणं त्यांनी एकट्यानं घेतलं, आणि तेवढ्यात लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्या लागून ते पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हाती आला. घाडग्यांचा देह सापडलेल्यांत नाही, म्हणून नाव या स्तंभावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्यानं जाणाऱ्यांनी तिथं क्षणभर तरी थांबावं.

हे सगळं वाचताना एक प्रश्न टाळता येत नाही, आणि मला तो टाळायचाही नाही. ही माणसं लढली कोणासाठी? ज्या राज्याच्या फौजेत ती होती, त्याच राज्याच्या पोलिसांनी ऑगस्ट १९४२ मध्ये आमच्या विदर्भात, चिमूरला आणि आष्टीला, 'चले जाव'च्या मिरवणुकांवर गोळ्या झाडल्या होत्या. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो लोक उपासमारीनं मेले. घाडगे पडले त्याच महिन्यांत आझाद हिंद सेनेचे जवान इंफाळच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध लढत होते. म्हणून स्वातंत्र्यानंतर ही नावं आपल्याला अडचणीची वाटली. ना स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत, ना स्वतंत्र भारताच्या हुतात्म्यांत. मला ही दुविधा समजते, पण तिच्यापायी माणूस विसरणं मला मान्य नाही. कोरडवाहू जमिनीचा तुकडा, घरात खाणारी तोंडं, महिन्याला मनीऑर्डर येईल ही आशा, आणि गावात पलटणीची परंपरा, यांतून पोरगा भरतीला जातो. आजही जातो. त्यानं शेजारच्या जखमी सोबत्याला सोडलं नाही, हे त्याचं स्वतःचं कर्तृत्व आहे, कुठल्या बादशहाचं नव्हे. शिवाय समोर जे होतं ते हिटलरचं राज्य होतं. तेही विसरून चालणार नाही.

साम्राज्यानं सगळ्यांनाच सारखं वागवलं, असंही नाही. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिच्यात होत्या आणि डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या कुतच्या वेढ्यात उपाशी राहून शेवटी कैदेत गेल्या. बसऱ्याला मोठं स्मारक उभं राहिलं, पण त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं आली आणि साध्या शिपायांची फक्त संख्या. युद्धकबर आयोगानं २०२१ मध्ये स्वतःच्या इतिहासाची चौकशी करून कबूल केलं, की त्या युद्धातल्या ४५,००० ते ५४,००० आशियाई आणि आफ्रिकी मृतांचं स्मरण असमान पद्धतीनं झालं आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावानं नोंदच झाली नाही. आयोगानं त्याबद्दल माफी मागितली. बसऱ्याचं ते स्मारकसुद्धा १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून वाळवंटात नेण्यात आलं. कासिनोच्या स्तंभावर साध्या शिपायाचं नावही पूर्ण आहे, याची किंमत बसऱ्याची गोष्ट माहीत असली की कळते.

गावात भारतीय लष्कराचं एक वेगळं स्मारकही आता आहे. त्याचं उद्घाटन जुलै २०२१ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते झालं. ते पुण्याचे, म्हणून मला आणखी समाधान वाटलं.

दुपारी बसनं मठावर गेलो. रस्ता वळणावळणाचा, आणि प्रत्येक वळणावर खालचं खोरं उघडं पडतं. इथं बसलेल्या निरीक्षकाला खाली चालणारा एकेक माणूस दिसत असणार. खालून चढणाऱ्याच्या वाट्याला काय आलं असेल, हे पुस्तकातून कळत नाही, त्या वळणावर उभं राहिलं की कळतं. मठाच्या दारावर शांती या अर्थाचा एकच लॅटिन शब्द कोरलेला आहे. नवा मठ जुन्याच आराखड्यावर उभारून १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांच्या हस्ते त्याचं पुन्हा पवित्रीकरण झालं.

मठाच्या पाठीमागच्या उतारावर पोलिश दफनभूमी आहे, आणि ती चुकवू नये. १८ मे १९४४ ला मठाचे अवशेष अखेर ताब्यात घेतले ते जनरल आंदर्स यांच्या पोलिश सैन्यानं. हजारावर कबरी आहेत. स्वतः आंदर्स १९७० मध्ये लंडनला वारले, त्यांनाही इथं आणून आपल्या सैनिकांजवळ पुरलं. या सैन्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. हे लोक १९४०-४१ मध्ये रशियानं सैबेरियात हद्दपार केलेले पोलिश. सुटका झाल्यावर पुरुष फौजेत भरती होऊन इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यांच्या बायकामुलांपैकी सुमारे पाच हजार जणांना आसरा मिळाला कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत, १९४३ ते १९४८. म्हणजे इथल्या कबरींत झोपलेल्या काहींची मुलं त्या वेळी पंचगंगेच्या काठी शाळेत जात असणार. वॉर्सात कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. पंतप्रधान ऑगस्ट २०२४ मध्ये तिथं गेले तेव्हा आपल्याकडे अनेकांनी वळिवड्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. पोलिश लोकांनी त्यांच्या आईवडिलांना आसरा देणारं गाव लक्षात ठेवलं. उतारावर गवतात लाल पॉपीची फुलं उमलली होती. पोलिश लोकांचं याच फुलांवर एक प्रसिद्ध युद्धगीत आहे, त्याच मे महिन्यात रचलेलं. उतरताना आम्हाला एक पोलिश शाळेची सहल भेटली. मुलं रांगेनं नावं वाचत चालली होती.

मोंतोनेला जायला रोमहून पेरूजा गाठावं लागतं आणि तिथून रस्त्यानं टायबरच्या खोऱ्यात वर. जवळचं रेल्वे स्टेशन उंबेर्तीदे. मोंतोने टेकडीवरचं तटबंदीचं गाव, दगडी बोळ, चढाची वाट, खाली ऑलिव्हच्या बागा. पंधराव्या शतकातला गाजलेला सेनानी ब्राच्चो याच गावचा, त्याचं नाव इथं पावलोपावली भेटतं. अशा गावानं, ज्याला अभिमान वाटायला स्वतःचा एक योद्धा आधीच आहे, जुलै २०२३ मध्ये पळसगावच्या मराठी नाईकाच्या नावानं स्मारक उभारलं. नगरपालिका आणि इटालियन युद्ध-इतिहासकार यांनी मिळून. भारताच्या राजदूतही त्या सोहळ्याला हजर होत्या. हे स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे, सावलीनं वेळ दाखवणारं. त्याचं बोधवाक्य लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

मी तटाच्या कडेला उभा राहून खाली बघत होतो. शेतं, झाडांच्या रांगा, नदी, आणि पलीकडे एकामागं एक उंचवटे. प्रत्येक उंचवट्यावर एक मशीनगन बसवली तर खालून येणाऱ्या फौजेचं काय होईल, हे समजायला लष्करी शिक्षण लागत नाही. जुलै १९४४ मध्ये दहावी भारतीय डिव्हिजन ही टेकड्यांची रांग एकेक करून घेत उत्तरेला सरकत होती. घाडग्यांनी कोणता नेमका बांध ओलांडला, हे मला वरून ठरवता आलं नाही. पण जुलैचं ऊन, चढण, आणि उघडं रान, एवढं दिसलं ते पुरेसं होतं. भाचीनं पर्समधून काढून सूर्यघड्याळापाशी फुलं ठेवली. रोमहून निघताना तिनं ती घेतली होती, मला न सांगता.

सेनियो नदीवर मला जायला जमलं नाही. ती आणखी उत्तरेला, राव्हेन्नाच्या बाजूला. तिथली गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती परत आलेल्या माणसाची आहे. संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते, कंपनीचे निरोप पोचवणारे. ९ एप्रिल १९४५ ला नदीच्या पूर्वेकडच्या बांधावर हल्ला करताना त्यांची तुकडी जवळजवळ संपली. जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून गोळीबारातून, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेलं. मग परत वळून शत्रूची तीन मशीनगन ठाणी उडवली. मग बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पुढं बोलावलं. पलटणीची ती गर्जना म्हणजे 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'. आमचं सिंदखेड राजा जिजाऊंचं माहेर. त्या माऊलीच्या पोराचं नाव इटलीतल्या नदीच्या बांधावर घुमलं, हे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं. जाधव जगले, हवालदार झाले आणि १९८४ मध्ये पुण्यात वारले. त्याच दिवशी, त्याच नदीवर, अली हैदर या पठाण शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उरलेले दोघे, शेरबहादूर थापा आणि थमन गुरुंग, गुरखे. सहा माणसं, आणि आजच्या हिशेबानं तीन देश.

सेनियोकडे जाणाऱ्यांनी फोर्ली हे गावही बघावं. तिथं खास भारतीय सैन्याची दफनभूमी आहे. ज्यांचं दहन झालं अशा जवळजवळ ८०० जणांचं स्मारकही तिथंच आहे. आड्रियाटिक किनाऱ्याजवळ सांग्रो नदीच्या दफनभूमीतही ५०० हून अधिक जणांचं तसंच स्मारक आहे. हिंदू आणि शीख सैनिकांना शक्य तिथं अग्नी दिला गेला, त्यामुळं त्यांच्या नावाची कबर नसते, स्मारकावर ओळ असते. घरातलं माणूस इटलीत गेलं पण कबर सापडत नाही, असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी ही स्मारकं तपासावीत.

त्यासाठी इटलीला जाण्याचीही गरज नाही. युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, पलटण आणि वर्ष घालून शोध घेता येतो, फुकट. नोंदीत पुष्कळदा वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गाव असतं. रोमन लिखाण विचित्र असू शकतं, म्हणून आडनावापेक्षा पलटण आणि तारीख यांवर भर द्यावा, आणि गाव जुन्या जिल्ह्याच्या नावानं शोधावं. रायगडसाठी कुलाबा. आपल्या वऱ्हाडातून त्या काळी मराठा पलटणीत जाणारे थोडेच, भरतीचा भर कोकणावर आणि देशावर होता. पण तेव्हाच्या फौजेत इतरही पलटणी होत्या, वाहतूक कंपन्या होत्या, दवाखाने होते. कोणाच्या माळ्यावरच्या पेटीत एखादं पदक किंवा पेन्शनचं पुस्तक असेल, तर त्यावरचा नंबर कागदावर उतरवून ठेवा. शोध त्या नंबरापासून सुरू होतो.